जहाज एकच, कागद मात्र निरनिराळे

मुंबईतील बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख प्रवासी आणि एकाच वेळी पाच जहाजे सामावून घेण्याची त्याची क्षमता असल्याचे सांगण्यात आले. त्याच्या वर्षभर आधी, ३० सप्टेंबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले होते आणि पाच वर्षांत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. या साऱ्या आराखड्यात मुरगाव बंदराचे स्थान महत्त्वाचे आहे. पावसाळा सरला की मुरगावात परदेशी क्रूझ जहाजे येऊ लागतात आणि मुंबईहून सुटणाऱ्या देशांतर्गत जहाजांचाही तो हक्काचा थांबा असतो. धक्क्याची खोली, टर्मिनलची इमारत, टॅक्सीवाल्यांचे भाडे यांवर राज्यात भरपूर चर्चा होते. प्रवाशाच्या पिशवीतील कागदांबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. प्रत्यक्षात जहाजाच्या शिडीवरून माघारी फिरावे लागते ते बहुधा या कागदांपायीच.

क्रूझची जाहिरात तरंगते हॉटेल म्हणून केली जाते. खोली, जेवण, पोहण्याचा तलाव, रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम हे सारे एका रकमेत मिळते, म्हणून ग्राहकाला ते हॉटेलच्या आरक्षणासारखे वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र जहाज ही फिरती सीमा असते. पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम ३ नुसार वैध पासपोर्ट किंवा प्रवासपत्राविना कोणालाही भारताबाहेर जाता येत नाही, आणि हा नियम विमानतळाइतकाच बंदरालाही लागू आहे. जहाज कोणत्या बंदरातून सुटते यापेक्षा ते वाटेत कोठे लागते यावर कागदांची यादी ठरते. पर्यटकाची पहिली चूक येथेच होते. तो विचारतो, 'मुंबईहून निघायचे आणि मुंबईलाच परतायचे, मग पासपोर्ट कशाला?' वाटेतील सारी बंदरे भारतातीलच असतील तर त्याचे म्हणणे बरोबर आहे. त्यांत एकही बंदर परदेशी असेल तर ते चूक आहे.

देशांतर्गत प्रवासाचा प्रकार सोपा आहे. मुंबई–गोवा मार्गावर ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' सुरू झाली, तर सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया'ची जहाजे मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे जाऊ लागली. अशा फेऱ्यांसाठी भारतीय नागरिकाला शासनाने दिलेले मूळ छायाचित्र ओळखपत्र पुरते. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एक बहुधा चालते. यात 'मूळ' हा शब्द महत्त्वाचा. मोबाइलमध्ये काढून ठेवलेला फोटो दाखवून काम भागेल अशा समजुतीने येणारे प्रवासी धक्क्यावर अडकतात. लहान मुलांचा जन्मदाखला किंवा आधार घरीच विसरणे हाही नेहमीचा प्रकार.

लक्षद्वीपचे गणित याहून वेगळे आहे. ते भारताचेच केंद्रशासित प्रदेश असले तरी १९६७ च्या प्रवेश व निवासविषयक नियमांनुसार बेटांबाहेरच्या भारतीयांनाही तेथे उतरण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. क्रूझ कंपन्या हा परवाना प्रवाशांच्या वतीने मिळवतात, पण त्यासाठी लागणारी माहिती प्रवाशाने आधीच आणि अचूक द्यावी लागते. तेथे नाव किंवा जन्मतारीख चुकली तर बेट केवळ डेकवरून पाहण्याची पाळी येते.

नाव चुकणे ही गोव्यात किरकोळ बाब नाही. पोर्तुगीज अमदानीतील जन्मनोंदींत हिंदू आडनावेही पोर्तुगीज वळणाने लिहिली गेली. केणी 'क्यू'ने सुरू झाले, शेट 'एक्स'ने, गावकरांच्या नावात 'क'ऐवजी 'सी' आला, नाईकांच्या शेवटी 'क्यूयूई' लागले, कामत 'कामोतीम' झाले आणि प्रभूंचे 'पोरोब' झाले. मुक्तीनंतर शाळेच्या दाखल्यात मास्तरांनी उच्चाराप्रमाणे इंग्रजी स्पेलिंग घातले. पुढे मतदार यादीत तिसरेच आले आणि आधार नोंदवणाऱ्याने चौथे टंकले. ख्रिस्ती कुटुंबांत आईवडिलांची दोन्ही आडनावे, मधली दोन-तीन नावे आणि मध्येच येणारे 'द' किंवा 'दा' यांची भर पडते. विमानाच्या तिकिटावर जागा नाही म्हणून एखादे नाव गाळले जाते आणि क्रूझच्या अर्जात तेच नाव भरले जाते. विवाहित स्त्रियांचे प्रकरण आणखी वेगळे असते. जन्मदाखला माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि पासपोर्ट यांपैकी एखाद्याने, असे त्रांगडे घरोघर आढळते. लग्नात नाव बदलण्याची रूढी असलेल्या कुटुंबांत तर आडनावाबरोबर पहिले नावही बदललेले असते.

गावातल्या गावात हे सारे खपून जाते, कारण पंचायतीत, बँकेत, पोस्टात माणूस ओळखीचा असतो. जहाजाच्या तपासणी टेबलावर मात्र आरक्षणातील नाव आणि ओळखपत्रावरील नाव अक्षरशः जुळावे लागते. नाव बदलण्याची वा दुरुस्त करण्याची कायदेशीर वाट आहे. गोव्यात १९९० चा नाव व आडनाव बदल कायदा त्यासाठीच आहे आणि पासपोर्टवरील नाव बदलण्याची वेगळी प्रक्रियाही उपलब्ध आहे. पण ही कामे महिन्यांच्या हिशेबाने चालतात आणि क्रूझचे आरक्षण सणासुदीची सवलत पाहून तीन आठवडे आधी केले जाते. दुरुस्तीला वेळ नसेल तर व्यवहार्य मार्ग एकच उरतो. जो कागद धक्क्यावर दाखवायचा आहे तो समोर ठेवून, त्यावरील नाव अक्षराला अक्षर लावून आरक्षण करावे. घरात हाक कोणती मारतात याला तेथे महत्त्व नाही.

पुढच्या पिढीपुरता केंद्राने एक प्रश्न सोडवला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पासपोर्ट नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा एकमेव पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य धरला जाणार आहे. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, वाहन परवाना यांसारखे पर्याय खुले आहेत. म्हणजे जन्मदाखल्यावर नाव कसे लिहिले जाते याकडे आता प्रसूतिगृहापासूनच लक्ष द्यावे लागेल. आजोबांच्या आडनावाचे स्पेलिंग कोणते धरायचे, हा वाद बारशाच्या आधी मिटवलेला बरा.

गोव्यातील सर्वांत नाजूक प्रश्न मात्र स्पेलिंगचा नाही, तो नागरिकत्वाचा आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना व नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग पोर्तुगालच्या कायद्याने खुला ठेवला आहे. गेल्या काही दशकांत असंख्य गोमंतकीय त्या मार्गाने युरोपात गेले. भारतीय नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. परिणामी सासष्टी किंवा बार्देशातील एकाच घरात आजी भारतीय, मुलगा पोर्तुगीज, सून भारतीय आणि नातू पोर्तुगीज अशी स्थिती दिसते. डिसेंबरात सारे नाताळला एकत्र जमतात आणि मुंबईहून तीन रात्रींच्या क्रूझचा बेत आखतात. खोली एक, आरक्षण एक, पण कागद तीन प्रकारचे.

आजीला आधार पुरते. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या मुलाला देशांतर्गत फेरीतही परदेशी नागरिक म्हणून आपला पासपोर्ट आणि त्यासोबत भारतीय व्हिसा किंवा ओसीआय कार्ड दाखवावे लागते. ओसीआय कार्ड म्हणजे पासपोर्ट नव्हे, ते एकटे नेऊन प्रवास होत नाही. त्याला 'दुहेरी नागरिकत्व' म्हणण्याची सवय आपल्याकडे पडली आहे, पण ती दिशाभूल करणारी आहे. हेच जहाज लक्षद्वीपला जाणार असेल तर अडचण आणखी वाढते. मार्च २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार संरक्षित किंवा प्रतिबंधित क्षेत्रात जाण्यासाठी ओसीआय धारकालाही विशेष परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे आजी आणि सून बेटावर उतरतात, आणि परवानगीविना आलेले बापलेक जहाजावरच थांबतात. आरक्षण करताना दलालाने 'सगळे गोयंकारच ना?' असे विचारून अर्ज भरला असेल तर ही वेळ हमखास येते.

याहून गंभीर स्थिती आहे ती दोन्ही पासपोर्ट जवळ बाळगणाऱ्यांची. पोर्तुगीज नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट परत करणे बंधनकारक आहे. अनेकांनी ते अज्ञानाने, आळसाने किंवा सोयीसाठी केले नाही. परदेशी नागरिकत्व मिळाल्यानंतरही भारतीय पासपोर्ट घेतलेल्या वा वापरलेल्यांचे पासपोर्ट परत घेण्याऐवजी रद्द करण्याचा पवित्रा यंत्रणेने घेतला, तेव्हा अशा लोकांना ओसीआयसाठी लागणारा समर्पणाचा दाखलाच मिळेना. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात हा प्रश्न गोव्यात गाजला होता. मतांच्या बाजारात त्यावर आश्वासनांचा पाऊस पडला, यात नवल नाही. पण ज्याचे प्रकरण प्रलंबित आहे त्याने हौसेखातर बंदरावरील इमिग्रेशनसमोर उभे राहणे शहाणपणाचे नव्हे. विमानतळावर पकडले जाते आणि बंदरावर खपून जाते, असा समज काही मंडळी पसरवतात. दोन्ही ठिकाणी तपासणी करणारी यंत्रणा एकाच इमिग्रेशन विभागाची आहे.

परदेशी क्रूझकडे वळले की पहिला नियम पासपोर्टच्या मुदतीचा. प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने तो वैध असावा, अशी अट बहुतेक कंपन्या आणि देश घालतात. भारतात प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो, लहान मुलांचा पाच. आईवडिलांची मुदत पाहिली जाते, मुलाची राहून जाते. जून २०२३ पासून चेन्नईहून श्रीलंकेच्या हंबनटोटा, त्रिंकोमाली, कांकेसंथुराई या बंदरांकडे क्रूझ सुरू झाली, तेव्हा दक्षिणेतील अनेक कुटुंबांना प्रथमच समुद्रमार्गे पासपोर्ट दाखवण्याचा अनुभव आला. श्रीलंकेसाठी पूर्व-प्रवासमंजुरी घ्यावी लागते. सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझसाठी भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा आधी हवा. पुढे लागणाऱ्या मलेशिया-थायलंडच्या सवलती अधूनमधून बदलत असतात, म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

युरोपची क्रूझ ही व्हिसाच्या दृष्टीने सर्वांत फसवी. बार्सिलोना, मार्सेय, जेनोव्हा, नेपल्स ही सारी बंदरे शेंगेन क्षेत्रात येतात, तेवढ्यांसाठी एक शेंगेन व्हिसा पुरतो. क्रोएशियाही १ जानेवारी २०२३ पासून त्यात आला. पण त्याच मार्गात इस्तंबूल किंवा मॉन्टेनेग्रोचे कोटोर आले की जहाज शेंगेनबाहेर पडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आत येते. त्यासाठी एकदाच प्रवेश देणारा व्हिसा निरुपयोगी ठरतो, अनेक प्रवेशांचा लागतो. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याचाही नियम आहे. जेथे सर्वाधिक दिवस जाणार त्या देशाकडे, आणि दिवस समान असतील तर जेथे प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे. पणजीत पोर्तुगालचा महावाणिज्य दूतावास आहे म्हणून इटलीच्या बंदरांच्या सहलीचा अर्ज त्यांच्याकडे टाकता येत नाही. जून २०२४ पासून प्रौढांसाठी या व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. अर्ज फेटाळला तरी शुल्क परत मिळत नाही.

अलास्काचे उदाहरण तर मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे. सिअॅटलहून निघून अलास्का पाहून सिअॅटललाच परतणारी क्रूझ म्हणजे सारा प्रवास अमेरिकेतच, असे कोणालाही वाटेल. पण अमेरिकेत १८८६ पासून लागू असलेल्या एका कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला केवळ अमेरिकी बंदरांदरम्यान प्रवासी वाहतूक करता येत नाही, आणि बहुतेक मोठी क्रूझ जहाजे परदेशी ध्वजाखाली नोंदलेली असतात. म्हणून ही जहाजे वाटेत काही तासांसाठी कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदराला लागतात. त्या काही तासांसाठी भारतीय प्रवाशाला अमेरिकेबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना घेऊन मुले हौसेने ही क्रूझ ठरवतात. मुलगा अमेरिकी नागरिक असेल तर सिअॅटलहून सुटून तेथेच परतणाऱ्या अशा फेरीत त्याला जन्मदाखला व ओळखपत्रावरही चढता येते, आणि भारतीय आईवडिलांची कागदपत्रे अपुरी पडतात. ज्याने आरक्षण केले त्याला स्वतःच्या अनुभवावरून ही अडचण सुचणेच शक्य नसते.

कागद अपुरे असताना कंपनी 'चला, पुढे बघू' असे का म्हणत नाही, याचे उत्तर दंडात आहे. योग्य कागदांविना प्रवासी आणल्यास वाहतूक कंपनीवर जबाबदारी टाकणारे कायदे जगभर आहेत. भारतात २००० च्या वाहक दायित्व कायद्यात त्यासाठी एक लाख रुपयांचा दंड होता. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायद्याने तो जुना कायदा आणि १९२०, १९३९ व १९४६ चे आणखी तीन कायदे रद्द करून एकत्र केले, पण वाहकाची जबाबदारी कायम ठेवली. त्यामुळे टेबलावरील कर्मचारी दयामाया दाखवू शकत नाही. प्रवेश नाकारल्यास भाडे परत मिळत नाही, असे कलम बहुतेक कंपन्यांच्या अटींत असते, आणि अपुऱ्या कागदांमुळे झालेले नुकसान प्रवासविमाही सहसा भरून देत नाही. चार जणांच्या कुटुंबाची वर्षभराची बचत अशा रीतीने एका सकाळी बुडू शकते. 'व्हिसाची जबाबदारी प्रवाशाची' हे वाक्य आरक्षणाच्या पावतीवर बारीक अक्षरांत असते. पैसे घेताना सर्वांत आधी तेच मोठ्याने सांगण्याची सक्ती पर्यटन खात्याने का करू नये?

एक व्यवहारी बाबही येथे सांगितली पाहिजे. अनेक जहाजांवर चढताच प्रवाशांचे पासपोर्ट कंपनी आपल्याकडे ठेवते, म्हणजे बंदरावरील तपासणी झटपट होते. प्रवासी किनाऱ्यावर भटकत राहिला आणि जहाज निघून गेले, किंवा प्रकृती बिघडून त्याला मध्येच उतरवावे लागले, तर परक्या देशात त्याच्याजवळ पासपोर्ट नसण्याचीही शक्यता असते. पासपोर्ट व व्हिसाच्या छायाप्रती स्वतंत्र जवळ ठेवणे हा यावरचा साधा उपाय.

क्रूझच्या कागदांची सर्वांत कसोशीने माहिती असलेला वर्ग गोव्यातच आहे, आणि तो प्रवासी नाही. तो आहे तारवटी. सासष्टी, मुरगाव, बार्देश, तिसवाडीतील गावागावांत जहाजावर राबणारी माणसे आहेत. पाकगृहात, भोजनगृहात, खोल्यांच्या सफाईत, इंजिनाजवळ ती काम करतात. त्यांच्या पिशवीत पासपोर्टखेरीज नौवहन महासंचालनालयाची सीडीसी असते, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे असतात, वैद्यकीय दाखला असतो आणि अमेरिकी बंदरांसाठी सी-१/डी व्हिसा असतो. शिक्के मारून मारून पाने संपतात म्हणून जाणते तारवटी छत्तीसऐवजी साठ पानांचा पासपोर्ट काढतात, पाचशे रुपये अधिक मोजून. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००३ मध्ये खलाशांच्या ओळखपत्राचा १८५ क्रमांकाचा करार केला, भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०१९ मध्ये चेहऱ्याच्या बायोमेट्रिक नोंदीवर आधारित खलाशी ओळखपत्र सुरू केले. अशा ओळखपत्रावर बंदरात उतरण्यासाठी वेगळा व्हिसा लागू नये, ही त्या करारामागची कल्पना. पण क्रूझ उद्योगाचे माहेरघर असलेल्या अमेरिकेने तो करार स्वीकारलेला नाही. त्यामुळे मायामीच्या धक्क्यावर पाय ठेवायचा तर गोव्याच्या मुलाला आजही दूतावासातील मुलाखतीला सामोरे जावे लागते. व्हिसा नाकारला तर नोकरीचे पत्र हातात असूनही जहाज चुकते. प्रवाशाची सुट्टी बुडते, तारवट्याचे वर्ष बुडते.

कागद असूनही वाट बंद होऊ शकते, हे याच वर्गाने एप्रिल २०२० मध्ये अनुभवले. 'मारेला डिस्कव्हरी' हे क्रूझ जहाज मुंबईच्या समुद्रात येऊन थांबले होते. त्यावरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचाऱ्यांत गोमंतकीयही होते. पासपोर्ट भारताचा, सीडीसी भारताची, किनारा डोळ्यांसमोर, पण टाळेबंदीमुळे उतरण्याची परवानगी नव्हती. केंद्राने कर्मचाऱ्यांना जहाजावर चढवण्या-उतरवण्याची कार्यपद्धती ठरवून दिल्यावरच ते किनाऱ्याला लागले. त्या दिवसांत राज्यातील नेत्यांना तारवट्यांची संख्या, नावे, जहाजे यांची माहिती गोळा करावी लागली होती, कारण तशी नोंद हाताशी नव्हती.

मुरगावातील नव्या सोयींची आखणी होत असताना याच अनुभवी वर्गाचा उपयोग करून घेता येईल. निवृत्त तारवटी बंदरावरील मदत कक्षात बसले, तर आरक्षणाआधी कागद तपासून देणे ही त्यांच्यासाठी अर्ध्या तासाची बाब आहे. पासपोर्टच्या कामासाठी गोमंतकीयांना राज्याबाहेर जावे लागत नाही, पणजीतच प्रादेशिक कार्यालय आहे आणि चिप बसवलेले ई-पासपोर्टही तेथून दिले जाऊ लागले आहेत. उरतो तो पर्यटन दलालांच्या अर्जाचा नमुना. त्यात आज नाव, वय आणि शाकाहारी की मांसाहारी एवढेच रकाने असतात. 'कोणत्या देशाचा पासपोर्ट' आणि 'मुदत केव्हा संपते' हे दोन रकाने त्यात वाढवायला कोणत्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही.